मार्जिन सोडलेला तारा

निवृत्त झाल्यापासून मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, आता वेळ कसा जातो?" जणू इतकी वर्षं तो जात नव्हता आणि मीच दाराला कडी घालून त्याला आत बसवला होता. वेळ छान जातो. तक्रार एवढीच आहे की जो एक काळ परत यावासा वाटतो, तो काही येत नाही. त्या काळी आम्ही उल्हासनगरात एक तारा बनवत होतो.

हसू नका. मी तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आधी डेमॉन्स्ट्रेटर, पुढे लेक्चरर. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रॅक्टिकलच्या तासाला टेबलांमधून फिरणारी बाई. मुलांनी लंबक नीट टांगलाय का, वायर उलट्या जोडून मीटरचा काटा वाकवत नाहीत ना, शेजाऱ्याचं रीडिंग ढापत नाहीत ना, हे बघणं तिचं काम. ढापणारे मला लांबून ओळखू यायचे. ज्याने खरं रीडिंग घेतलंय त्याचा आलेख थोडा वाकडा येतो आणि त्याचं तोंड पडलेलं असतं. ढापणाऱ्याचा आलेख सरळसोट आणि चेहरा साळसूद.

आमचे विभागप्रमुख हिंगोरानी सर. फाळणीत शाळकरी वयात आईबरोबर सिंधमधून आलेले, निर्वासितांच्या कॅम्पच्या बराकीत वाढलेले, बराकीतल्याच शाळेत शिकलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी खडू. माझ्याशी हिंदीत बोलत, आणि खुशीत आले की मराठीत. ते मराठी ऐकून मुलं खाली मान घालून हसत. सरांना ते कळे, आणि ते आणखी जोरात मराठी बोलत.

उल्हासनगरात फिजिक्सच्या विभागाकडे लोक कसली कसली कामं घेऊन येत. एकदा कॅम्प तीनमधले (इथल्या वस्त्यांना अजून कॅम्पच म्हणतात) एक कारखानदार इलॅस्टिकचा गुंडाळाच घेऊन आले. "प्रोफेसर साहब, ये कितना खिंचेगा, लिख के दो. पार्टी बोलती है, दो धुलाई में ढीला पड़ता है." दुसऱ्या कुणी त्यांना दार दाखवलं असतं. सरांनी इलॅस्टिक हुकाला टांगलं, खाली वजनं लावली आणि सगळ्या वर्गाला बोलावलं. "बघा, वजन दिसला नाही तरी चालेल. कपडा किती खिंचला ते बघून सांगता येते की आत माल काय आहे." कारखानदारांना त्यातलं किती समजलं देव जाणे. त्यांनी कागद घेतला आणि सगळ्यांसाठी सामोसे पाठवले.

हे वाक्य मी सरांच्या तोंडून नंतर शंभरदा ऐकलं, पण ताऱ्यांच्या बाबतीत.

आता ताऱ्याचं सांगते. मोठा तारा मरतो तेव्हा कधी कधी त्याचा गाभा दबून दबून इतका लहान होतो की सूर्याहून जास्त माल कल्याणच्या खाडीपासून वांगणीच्या अलीकडे, म्हणजे वीसेक किलोमीटरांत, मावेल एवढ्या गोळ्यात बसतो. हा न्यूट्रॉन तारा. त्यातला चमचाभर माल एका अख्ख्या डोंगराला भारी. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरताना तेव्हा परदेशात सापडले होते, आणि दर वर्षी ते एकमेकांच्या किंचित जवळ येतात हेही मोजलं गेलं होतं. फिरता फिरता ते गुरुत्वाच्या लहरी सोडतात, त्यात त्यांची ऊर्जा जाते, म्हणून ते जवळ येतात. जवळ आले की आणखी जोरात फिरतात, लहरींचा सूर चढत जातो, आणि शेवटी दोघांची टक्कर. तशी लहर तेव्हा कुणीही पकडलेली नव्हती. आज दोन हजार चार साल आहे, अजूनही नाही.

सरांना वेड लागलं ते शेवटच्या भागाचं. चंद्रामुळे समुद्राला भरती येते हे आपण शाळेत शिकतो. चंद्र जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी, म्हणून पृथ्वी जराशी ताणली जाते. पृथ्वीही चंद्राला अशीच ताणते. ताणून ताणून तिने त्याची गिरकी इतकी हळू केली की तो आता एकच तोंड आपल्याकडे करून असतो. सर म्हणत, "चाँद को देखो मॅडम. कभी पीठ नहीं दिखाता." त्यांचं म्हणणं, न्यूट्रॉन ताऱ्यांचंही असंच होत असणार. जवळ येता येता ते एकमेकांना ताणतील, आणि टक्कर होण्याआधी एकमेकांकडे तोंड करून फिरू लागतील. तसं झालं तर लहरीत त्याची खूण उमटेल. उद्या कुणी ती लहर पकडली की त्याला ती खूण दिसेल.

"और तब किसी को ढूँढना पड़ेगा कि ये सबसे पहले बोला किसने," सर म्हणाले. "मिलेगा, उल्हासनगर. नक्शे पे भी ढूँढेंगे."

सरांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. मोठ्या संस्थांतल्या मंडळींनी आमच्यासारख्या कॉलेजाकडे कधी बघितलं नाही. सरांना तो एक निबंध हवा होता. एकच.

अडचण अशी की ताऱ्याचं गणित फार लांबलचक. गाभ्यापासून सुरुवात करायची, एक पातळ थर बाहेर यायचं, तिथे दाब किती उरला, माल किती जमला ते काढायचं, मग पुढचा थर. दाब संपला की ताऱ्याचा पृष्ठभाग आला. असे पन्नासेक थर, आणि वेगवेगळ्या आकारांचे कितीतरी तारे. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. कॅल्क्युलेटर होते, पण ते परीक्षेच्या वेळीच कपाटातून बाहेर येत आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे असे. बाकी सगळं लॉगटेबलवर.

उपाय सरांना सुचला तो कॅम्प तीनच्या रस्त्यावर. तिथे जीन्सची पँट एक माणूस शिवत नाही. एक कापतो, एक खिसे लावतो, एक चेन बसवतो, एक लूप, आणि धागे कापायला माल घरोघरी बायकांकडे जातो. याला जॉबवर्क म्हणतात. सर म्हणाले, "तारा भी जॉबवर्क पे दे देते हैं."

आणि खरंच दिला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना थर वाटले. पहिला गाभा करी आणि कागद दुसऱ्याला देई, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक थर दोन वेगवेगळी मुलं करत आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच कागद पुढे जाई. जुळणी बघण्याचं काम माझ्याकडे होतं. प्रॅक्टिकल संपलं की चहा यायचा, आणि मग संध्याकाळ होईपर्यंत लॅबमध्ये फक्त पानं उलटण्याचा आणि पेन्सिलींचा आवाज. मुलांत अर्धी कॅम्पमधली, अर्धी अंबरनाथ-बदलापूरकडची. ज्या मुलांना मी इतर वेळी ढापताना पकडायची, ती इथे मान वर करत नव्हती.

बदलापूरजवळच्या एका गावातून येणाऱ्या मुलाचे वडील एकदा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. म्हणाले, "पोऱ्या तारं बनवतंय म्हंतो. खरा हाय का?"

सर म्हणाले, "एकदम खरा हाय."

"बनवा, बनवा. पन इकनार कोनाला?"

सर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. तो तांदूळ त्यांनी घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी सौंनी केलेला पुलाव सगळ्यांना खायला घातला.

त्या एका वर्षात मी जितकी सुखात होते तितकी नोकरीत पुन्हा कधी झाले नाही. अंबरनाथला माझं घर होतं, संसार होता, आणि तो चांगला होता. पण एका कागदावर दोघांनी वाकून एकच उत्तर शोधायचं, आणि ते दोघांना एकदमच दिसायचं, हे सुख वेगळं आहे. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कुणाला विचारायचंही धाडस झालं नाही.

तारा तयार झाला. चांगला मोठा, गुटगुटीत. त्यातला माल नेमका किती घट्ट असतो हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे एवढा मोठा असूही शकत होता. आणि इथे मोठेपणाला फार किंमत आहे. त्रिज्या थोडी वाढली की ताण कितीतरी पटींनी वाढतो. पाचव्या घाताने, असं आम्ही वर्गात सांगतो. आतला माल काकवीसारखा दाट धरला, तर आमचे दोन्ही तारे टक्कर होण्याच्या जरा आधी एकमेकांकडे तोंड करत होते. अगदी काठावर, पण करत होते. सरांनी निबंध लिहिला, मी टाइप केला, आणि पुण्याच्या एका परिसंवादाने तो वाचायला बोलावलं. खाली आभारात सगळ्या मुलांची नावं होती. सरांनी त्या आठवड्यात नवा शर्ट शिवला.

जायला थोडे दिवस असताना सरांना एका छोट्या ताऱ्याचं गणितही सोबत न्यावंसं वाटलं. त्याचा एक थर कविताकडे अडला होता, आणि कविता आठवडाभर आली नव्हती. मुलगी हुशार, कॅम्प तीनमधली, घरी जॉबवर्क चाले. मी शेअर रिक्षाने तिच्या घरी गेले.

लग्नसराईचा हंगाम होता. एका खोलीत जीन्सचा ढीग छातीइतका. कविता शिलाई मशीनवर होती, तिची आई कापड कापत होती. मला बघून दोघी उठल्या, आईने ढिगातून जागा करून खुर्ची ठेवली आणि पाणी आणलं. "सॉरी मॅडम, ऑर्डर है," कविता म्हणाली. "आपका थर हो गया है, देती हूँ." तिने चुकून मराठी 'थर' म्हटलं होतं. आमच्या लॅबमध्ये सगळे थरच म्हणत.

ती कागद शोधत होती तोवर मी तिच्या आईचं काम बघत बसले. खडूने एक रेघ, मग तिच्या बाहेर बोटभर अंतरावर दुसरी रेघ, आणि कात्री बाहेरच्या रेघेवर.

"दोन रेघा कशाला?" मी विचारलं.

"मार्जिन, बहनजी," आई म्हणाली. "आगे वाला कैसा सिलेगा, क्या पता. थोड़ा ज़्यादा रखो तो माल बिगड़ता नहीं. कम पड़ा तो गया."

कविता कागद घेऊन आली. मी तो बघितला. दशांश तोडताना शेवटचा आकडा वर नेलेला होता, जिथे खाली यायला हवा होता तिथेही. मी विचारलं, "हे वर का नेलंस?"

तिने वाकून आकडा बघितला. मग सरळ म्हणाली, "मॅडम, मार्जिन तो रखना पड़ता है ना? आगे वाले को कम पड़ा तो?"

"सगळे ठेवतात?"

"सगळेच. आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ऊपर रखो, सेफ रहेगा. एक के पीछे एक."

मी तो कागद पुन्हा वरपासून बघितला. त्यांना पुढच्याची काळजी होती. प्रत्येकाने दाब चिमूटभर जास्त धरला, पुढच्याने आणखी चिमूटभर, आणि असं पन्नास थर. दाब लवकर संपलाच नाही, म्हणून तारा फुगत गेला. दोघांनी केलेली उत्तरं जुळत होती, कारण दोघांनीही मार्जिन सोडलेलं होतं. मी ताळा बघत होते आणि खूश होत होते. रिक्षात बसल्यावर मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडूही. शेजारची बाई घाबरून सरकून बसली.

सरांना सांगणं भागच होतं. सकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला निबंध खाली ठेवला. मग म्हणाले, "मार्जिन," आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं, रागावले. हात काढले तर हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "बच्चों को मत बोलना, मॅडम. उन्होंने तो अच्छा ही सोचा."

आम्ही दोघांनी बसून तारा पुन्हा केला. प्राचार्यांकडून किल्ली मागून कॅल्क्युलेटर आणले. मुलं नव्हती, चहाही आला नाही. आकडे खरे धरले तसा तारा आत आत येत गेला. लहान, घट्ट तारा. मग शेवटचं गणित. ताण पडत होता, पण अगदी शेवटी, अखेरच्या काही फेऱ्यांत. आतला माल कितीही दाट धरला तरी एकमेकांकडे तोंड करायला त्यांना वेळच मिळत नव्हता. गिरकी जुळायच्या आत टक्कर.

सरांनी पेन्सिल ठेवली. "नहीं होता," म्हणाले.

"नाही होत, सर."

त्याच दुपारी त्यांनी पुण्याला पत्र टाकलं की तब्येतीमुळे येऊ शकत नाही. नवा कागद आणि जुना कागद एकाच फाइलमध्ये बांधून फाइल कपाटावर ठेवली. मुलांना सांगितलं, परिसंवाद पुढे ढकलला. मुलं पास झाली, पांगली. सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. ताऱ्याबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही.

पुढे काही वर्षांनी मुंबईत एका शिबिराला गेले होते. तिथल्या ग्रंथालयात नवी नियतकालिकं मांडलेली. चाळता चाळता एका पानावर थांबले. परदेशातल्या मंडळींनी गणित करून दाखवलं होतं की न्यूट्रॉन तारे टक्कर होण्याआधी एकमेकांकडे तोंड करत नाहीत. तेवढा वेळच नसतो. भरतीचा ताण जाणवतो तो फक्त शेवटी. त्याच अंकात त्याचं कौतुकही होतं, की आता लहर कशी ओळखायची ते सोपं झालं.

मी उभ्याउभ्याच पुन्हा वाचलं. मग झेरॉक्स काढली आणि घरी न जाता थेट कॅम्प एकला सरांकडे गेले.

सर खाली दुकानात मुलाच्या शेजारी बसले होते. केस सगळे पांढरे. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. कागद हातात दिला. त्यांनी भिंग मागवलं आणि एक एक ओळ वाचली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. वाचून झाल्यावर त्यांनी आधी विचारलं, "रेडियस कितना लिया इन्होंने?"

मी पानावर बोट ठेवलं.

"अपना वाला," ते म्हणाले. "बिना मार्जिन का. देखो, अपना ही है."

मला खूप राग आला. त्यांचा की माझा, तेव्हा कळलं नाही. म्हटलं, "सर, हे आपल्याकडे होतं. कपाटावर होतं. का नाही पाठवलं आपण?"

सरांनी रेडियसच्या आकड्यावर पुन्हा भिंग धरलं. मग भिंग खाली ठेवलं. "मॅडम, मुझे 'हाँ' चाहिए था. इतना चाहिए था कि 'नहीं' आया, तो मैंने उसको जवाब समझा ही नहीं."

मुलाने विचारलं, पप्पा, चाय मँगाऊँ? सर म्हणाले, दोन सांग. मग माझ्याकडे वळले. "बच्चों को बोलना. तारा बराबर था. मार्जिन निकाला, तो एकदम बराबर था."

मी जमेल तितक्यांना सांगितलं. एक बदलापूरला शिक्षक आहे, तो हसला. कविताचं लग्न होऊन ती इंदूरला गेली होती. तिच्या आईकडे निरोप ठेवला. आईने विचारलं, "कपड़ा कम तो नहीं पड़ा ना?" मी म्हटलं, नाही, कमी पडलं नाही.

त्यानंतर मी दर महिन्याला सरांकडे जात असे. आम्ही गणितं केली नाहीत. चहा घेतला, परदेशात काय चाललंय ते मी सांगितलं. तिकडे आता लांबच लांब, काटकोनात दोन नळ्या बांधताहेत, लहर पकडायला. सर विचारत, "कब तक?" मी म्हणे, दहा-पंधरा वर्षं तरी. "चलो," ते म्हणत, "तब तक बैठते हैं."

गेल्या थंडीत सर गेले.

लहर येणार, यात मला शंका नाही. कुठेतरी दोन तारे जवळ येत आहेत, त्यांचा सूर चढतो आहे, आणि एक दिवस कुणीतरी तो ऐकेल. शेवटच्या फेऱ्यांमधला ताणही मोजेल. त्यांना उल्हासनगर माहीत नसेल, माझं काही म्हणणं नाही. पण ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचीन, झेरॉक्स काढीन, रिक्षात बसेन, आणि रिक्षावाला विचारेल, कुठे जायचंय? तेव्हा मी त्याला काय सांगू?